न फोडलेलं पाकीट

रात्री पावणेदोनला
दुधगावचे नेमगोंडा चौगुले, वय एक्क्याऐंशी,
नातवाच्या मोटारसायकलवरून सिव्हिलला आले.
मधे बसवलेले, मागून सुनेने आवळून धरलेले,
वैरणीची पेंढी धरावी तसे.

चक्कर. दोन उलट्या. छातीत काही नाही.
मी कार्डिओग्राम काढला, सोडियम पाठवलं,
डोळ्यांत बॅटरी मारली,
गुडघे दुमडून सरळ केले.
"आजोबा, घरी स्वतःचं स्वतः करता ना?"
"व्हय की," म्हणाले. "समदं."
सून काही बोलणार होती,
तेवढ्यात अंकलीच्या पुलावरचा अपघात आला
आणि तिचं वाक्य
पदरात परत गेलं.

मी लिहिलं : चालता-फिरता.
खाली सही, जी माझ्या आईलाही वाचता येत नाही.
सोडियम जरा कमी होतं.
म्हणून रक्तदाबाची जुनी गोळी बंद,
नवी सुरू, सकाळी नाश्त्यानंतर एक.
दुपारी घरी सोडलं.

चौथ्या दिवशी तेच नेमगोंडा.
तीच सून, या वेळी रिक्षा.
वरचं प्रेशर दोनशे दहा.
"गोळ्या घेतल्या का?"
त्यांनी बंडीच्या खिशातून पाकीट काढलं.
चंदेरी, दहाच्या दहा.
एका गोळीवरचा कागद तेवढा
दातांनी कुरतडलेला.

तेव्हा मी त्यांचा हात हातात घेतला,
नाडीसाठी नाही.
पन्नास वर्षं मार्केट यार्डात
हळदीची पोती शिवलेला हात.
दाभण धरून धरून अंगठा
तळव्यात आडवा झालेला,
बोटांच्या टोकांना टोचलेलं कळेना.

आणि सुनेचं चार दिवसांमागचं वाक्य
आता बाहेर आलं :
"बटणं मी लावून जाते, सहाला.
आष्ट्याला कामाला जाते मी.
आधीच्या गोळ्या पुडीतनं मोकळ्या मिळायच्या.
संडासला भिंत धरून जात्यात, बाई.
भिंत संपती तितं हुभं ऱ्हात्यात
कुणी येस्तवर."

नेमगोंडा पंख्याकडे बघत होते.
खोटं नव्हते बोलले ते.
'समदं' हा शब्द त्यांनी
कधीतरी साठीतच शिवून टाकला होता,
पोत्याचं तोंड शिवतात तसा,
आणि नंतर आत काय उरलंय
ते पुन्हा उघडून बघितलं नव्हतं.
मीही नव्हतं.

यकृत बरगडीखाली
किती बोटं उतरलंय, हे मला
डोळे मिटून सांगता येतं.
मिरजेच्या सरांनी माझा हात धरून शिकवलंय ते.
किती बोटं चालत नाहीत
हे विचारायचं राहिलं.

तमन्ना सिस्टरने कात्रीने पाकीट चिरलं,
गोळ्या एका रिकाम्या डबीत ओतल्या.
"लावलं झाकण," ती म्हणाली, "पण उघडतील का?"
मी डबी त्यांच्या पुढ्यात ठेवली.
ती त्यांनी गुडघ्यावर टेकवली,
करंगळीच्या पेराने झाकण ढकललं,
एकदा, दोनदा,
मागे रांगेत कुणीतरी खाकरलं,
मी घड्याळाकडे बघितलं, बघितलंच,
पण थांबले.
टक् झालं.
"हितं काय," म्हणाले, "हे तर हुतंय."
आणि परत लावता येईना,
तर हसले.

असं नाही की त्यानंतर मी सुधारले.
कालच, सहा खाटा भरलेल्या असताना,
कवलापूरच्या एका म्हातारीच्या कागदावर
हात आपोआप लिहून गेला : चालता-फिरता.
दोन खाटा पुढे जाऊन मी परत फिरले.
तिची वेणी घट्ट होती, सरळ, मधोमध भांग.
"आजी, वेणी कोण घालतं?"
तिने उत्तर द्यायच्या आधी
माझ्या केसांकडे
नीट बघून घेतलं.